लेन्स भाड्याची, भाकरी घरची

टेंभुर्णीत डोंगर नाही. ही तक्रार नव्हे, नुसती नोंद. गाव पुणे-सोलापूर हायवेवर. अकलूज, कुर्डुवाडी, करमाळा, पंढरपूर असे चहूबाजूंना रस्ते फुटलेले. पण कुठल्याही रस्त्याला लागा, अर्धा-पाऊण तास गेला तरी जमीन मान वर करत नाही. हंगामात कारखान्याकडं निघालेली उसाची ट्रॉली ही आमची सर्वांत उंच वस्तू, आणि त्याखालोखाल पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स. तरीही शाळेत चित्रकलेच्या तासाला आम्ही सगळ्यांनी दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि खालून वाहणारी नदी हेच चित्र काढलं. नदी बघून काढायचो, डोंगर ऐकीव.

अशा गावात वन्यजीव छायाचित्रणाचा छंद शिरला तो उजनीमुळं. धरण 1980 साली पुरं झालं, भीमेचं पाणी मागं भिगवणपर्यंत आणि त्याच्याही पुढं पसरलं, गावंच्या गावं उठली. पळसदेवचं जुनं देऊळ अजूनही उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं आणि त्याचे फोटो पेपरात छापून येतात. माणसं उठली त्या जागी पाखरं येऊन बसली. रोहित, चित्रबलाक, चक्रवाक, थापट्या, पट्टकादंब. थंडीत नुसती जत्रा. आमच्या आधीच्या पिढीचा पाखरांशी संबंध गोफणीपुरता होता. ज्वारी दाण्यात आली की माळ्यावर उभं राहायचं आणि पाखरं हाकायची. हीच पाखरं बघायला माणसं पेट्रोल जाळून येतील असं त्या पिढीला कुणी सांगितलं असतं, तर पहिला दगड सांगणाऱ्याला बसला असता.

पण माणसं आली. भल्या पहाटे पुण्याच्या गाड्या भिगवणला उतरायला लागल्या. कुंभारगाव-डिकसळच्या मच्छीमारांनी होड्या बाहेर काढल्या. सकाळी होडीत पाहुणे, नंतर त्याच होडीत जाळं, आणि दुपारी पाहुण्यांच्या ताटात चिलापी. सगळा व्यवहार एका होडीत बसला. ज्या पोरांना शाळेत बेडकाचं चित्र ओळखता आलं नव्हतं ती आता होडीच्या टोकाला उभी राहून, ‘सर, डावीकडं ऑस्प्रे, मासा धरलाय, हेडऑन येतोय,’ असं सांगतात आणि ते बरोबर असतं.

एकच पेच आहे. रोहित पक्षी मान उलटी घालून चिखलातून खाणं गाळून घेतो. त्याला गुडघाभर पाणी लागतं. आम्हाला धरणभर पाणी लागतं. उजनी 117 टीएमसीचं, त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा. म्हणून आमच्याकडं धरण रिकामं होत नाही, ते ‘मायनसमध्ये’ जातं. आणि भरलं तरी शंभरावर थांबत नाही, 111 टक्क्यांपर्यंत जातं. गणिताचे मास्तर याला हरकत घेतात, पण मास्तरांची स्वतःचीही दोन एकर ऊसशेती असल्यामुळं फार ताणून धरत नाहीत. तर धरण 111 झालं की आम्ही पेढे वाटतो आणि पुण्यातले फोटोवाले सुतकात जातात, कारण चिखलच उघडा पडत नाही. उलट उजनी मायनसकडं निघाली की इकडं मोर्चे आणि तिकडं बॅगा भरायची घाई. एकाच पाण्याकडं बघून एवढी उलटी तोंडं केलेले दोन समाज जिल्ह्यात दुसरे नसतील.

जंगल आमच्याकडं कधी नव्हतंच असंही म्हणता येत नाही. 1979 साली माळढोकसाठी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचा विस्तार साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होता. नान्नजचा माळ त्यात होता हे ठीक. पण करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांतले पट्टेही त्यात होते. म्हणजे आमच्या भागातली कितीतरी माणसं गाईगुरांसकट अभयारण्यात राहत होती. त्यांना ते जमिनीचे व्यवहार अडायला लागल्यावर कळलं. पुढं हद्द आवळून बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणली गेली, आणि माळढोकानं तर ती त्याआधीच आवळून घेतली होती. आता तो दिसला तर बातमी होते. आणि एवढं करून अरण्यऋषी म्हणवले गेलेले मारुती चितमपल्ली जन्मले कुठं, तर 1932 साली सोलापुरात. ज्या जिल्ह्यात सावलीसाठी बाभूळ शोधावी लागते, त्यानं महाराष्ट्राला अरण्याचा लेखक दिला. तेव्हा आमच्या चौघांच्या डोक्यात रान शिरलं यात नवल काही नाही.

चौघे म्हणजे कोण ते सांगतो. पहिला आमचा स्टुडिओवाला. स्टँडजवळ दुकान, लग्न, बारसं, साखरपुडा, सगळ्या ऑर्डरी घेतो. उजनीच्या पाण्यात गुडघाभर उतरवून त्यानं तालुक्यातल्या निम्म्या नवरा-नवरींचं प्री-वेडिंग केलेलं आहे. अशाच एका शूटिंगला शेजारी पुण्याचा एक गृहस्थ चिखलात पोटावर झोपून फोटो काढताना त्याला दिसला. गृहस्थाच्या हातातली लेन्स, तिला ही मंडळी बोफोर्स म्हणतात, स्टुडिओवाल्याच्या मनात भरली ती भरलीच. नवरीची नथ टिपणारी आपली लेन्स त्याला त्या दिवसापासून पोरखेळ वाटायला लागली.

दुसरे सर. हायस्कुलात विज्ञान शिकवतात. त्यांना प्रत्येक पाखराचं मराठी, इंग्रजी आणि शास्त्रीय अशी तिन्ही नावं येतात, आणि ते तिन्ही सांगतात. तिसरे तात्या. आडसाली ऊस, दोन म्हशी आणि भरपूर वेळ. चौथा मी, गाडीत चौथा माणूस असला की भाडं परवडतं, ही माझी पात्रता.

‘पाण्यातली पाखरं आता सगळेच काढतात,’ स्टुडिओवाला म्हणाला. ‘डोंगरातलं जनावर पायजे.’

सरांनी शेकरू सुचवलं. राज्यप्राणी, भीमाशंकरच्या जंगलात हमखास. ते अभयारण्यच 1985 साली मुख्यतः त्याच्यासाठी झालं. तात्यांना शेकरूशी देणंघेणं नव्हतं, पण भीमाशंकर म्हटल्यावर ते सावरून बसले. ‘आपलं पाणी निघतंय कुठनं ते तर बघू,’ म्हणाले. आणि घरचा प्रश्नही परस्पर सुटला. फोटो काढायला दोन दिवस बाहेर जातो म्हटलं तर घरात जे चेहरे होतात ते सगळ्यांना ठाऊक आहेत. ज्योतिर्लिंगाला जातो म्हटल्यावर शिदोरीसुद्धा बांधून मिळते.

मुहूर्त मात्र सोपा नव्हता. दिवाळी झालेली पाहिजे आणि तुळशीचं लग्न व्हायचं पाहिजे, कारण एकदा तुळस उजवली की स्टुडिओवाला चार-सहा महिने हाती लागत नाही. कार्तिकीची गर्दी रस्त्यावर यायच्या आत परतलं पाहिजे. सरांची सुट्टी संपायला नको. आणि तात्यांच्या उसाची तोड केव्हाही लागू शकते. एवढ्या सगळ्यांतून एक शनिवार-रविवार निघाला. लेन्स पुण्याहून भाड्यानं मागवली. ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरनं ती बिस्किटाच्या खोक्यातून आणून हायवेला उतरवून दिली. तिचं डिपॉझिट ऐकून तात्यांनी, ‘एवढ्यात पाइपलाइन झाली असती,’ एवढंच म्हटलं. गाडीत लेन्सला खिडकीची जागा मिळाली, सरांना मधली.

पोशाखाचाही वाद झाला. स्टुडिओवाल्यानं मिलिटरी छापाचे शर्ट आणले होते, झाडीत मिसळून जाता यावं म्हणून. तात्यांनी पांढरा नेहरू शर्ट, पांढरा पायजमा आणि पांढरी टोपी यांतलं काहीही बदलायला नकार दिला.

‘तात्या, पांढरं कापड जनावराला लांबून दिसतंय.’

‘बगळा पांढराच असतो की. त्याला बघून कोण पळतंय?’

सरांनी यावर विचार करायला थोडा वेळ मागून घेतला. तो अजून चालू आहे.

पहाटे भिगवणच्या अलीकडं एका हॉटेलात चहाला थांबलो तर अंगणात पुण्याच्या चार गाड्या आणि आमच्याच छापाचे शर्ट. तीच टोपी, तीच बॅग, त्याच लेन्सा. फक्त त्यांच्या स्वतःच्या. त्यांची तोंडं उजनीकडं, आमची डोंगराकडं. त्यांच्यातले एक जण तात्यांच्या टोपीवरून अंदाज बांधून पुढं आले.

‘काका, तुम्ही इथलेच का? फ्लेमिंगो आलेत?’

‘धरण भरलंय ओ. पाणी उथळ झालं की येतील.’

‘आणि उथळ कधी होईल?’

‘आम्ही मोटारी टाकल्या की.’

त्यांनी ते वहीत लिहून घेतल्याचं मी पाहिलं. मग त्यांनी विचारलं, तुम्ही निघालात कुठं? स्टुडिओवाल्यानं मान ताठ करून सांगितलं की आम्हीही फोटोलाच चाललोय, वर, भीमाशंकरला. गृहस्थ अवाक झाले. ते अडीच तास गाडी चालवून जे सोडून आले होते तिकडंच आम्ही दुप्पट वेळ घालवून निघालो होतो.

सरांना राहवलं नाही. पट्टकादंब हा हंस मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्या उजनीवर उतरतो, हे त्यांनी दोन्ही पक्षांना समजावलं. त्याच्या पाठीवर यंत्र बसवून शास्त्रज्ञांनी उंची मोजली तेव्हा ती सात हजार मीटरच्याही वर भरली. विरळ हवा, बोचरी थंडी, आणि हे पाखरू पंख मारत निघालेलं. ‘एवढा हिमालय चढून तो आपल्या बांधाला येतो आणि आपण त्याला सोडून सह्याद्री चढायला निघालोय,’ सर हळहळले.

‘त्याला टोल नाही,’ तात्या म्हणाले. आम्ही पाटसच्या टोलनाक्याच्या दिशेनं निघालो.

पुणं मागं टाकून खेड, मंचर. मंचरनंतर घोडेगावच्या रस्त्याला लागलो तर दोन्ही बाजूंना ऊस. तात्यांचा चेहरा खुलला. एवढं अंतर तोडून आपण घरीच आलो असं त्यांना वाटलं असावं. या पट्ट्यात बिबटे उसातच राहतात, उसातच वितात, हे सरांनी सांगितलं तेव्हा मात्र गाडीत जरा शांतता झाली. 2020 च्या डिसेंबरात आमच्या करमाळ्यात बिबट्यानं माणसं मारली होती. शेतीची वीज रात्रीची. बॅटरी घेऊन पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला तेव्हा उसाचं पान हललं तरी घाम फुटायचा. ‘तवा कुणी फोटो मागितला नाय,’ तात्या म्हणाले. ‘मागितला असता तरी काढला नसता.’ जंगली जनावर लांबून, दिवसाउजेडी आणि आपल्या इच्छेनं बघायला मिळणं ही चैन आहे, हे तेवढ्या दोन वाक्यांत आटपलं. मग डिंभे धरण लागलं आणि तात्यांनी गाडी थांबवायला लावली. घोड नदीचं पाणी, घोड भीमेला मिळते, भीमा उजनीला. पावसाळ्यात बंडगार्डनचा विसर्ग आणि दौंडची आवक रोज सकाळी फोनवर बघणाऱ्या माणसाला हे सगळं सोयऱ्याच्या घरी आल्यासारखं होतं. त्यांनी धरणाची भिंत निरखली, साठा किती असेल याचा अंदाज केला आणि, ‘ठीक ठेवलंय,’ असा शेरा दिला.

भीमाशंकरला पोचलो तेव्हा धुकं उतरत होतं आणि माणसं चढत होती. शनिवार-रविवारी निसर्गात जायचं ठरवलेली इतकी माणसं एका ठिकाणी जमली की निसर्गाला उभं राहायला जागा उरत नाही. दर्शनाच्या रांगेला लागून पायऱ्या उतरलो. देवळाचं शिखर नाना फडणवीसांनी बांधलं. आवारातली मोठी घंटा चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेनंतर आणलेली. स्टुडिओवाल्यानं घंटेचे फोटो वेगवेगळ्या बाजूंनी काढले. ती हलत नव्हती, उडत नव्हती, त्यामुळं फोटो उत्तम आले आणि त्याचा आत्मविश्वास भलताच वाढला.

रविवारी उजाडता उजाडता जंगलात शिरलो. वाटाड्या म्हणून जवळच्या वाडीतला एक पोरगा मिळाला होता. महादेव कोळ्याचा, घरचा धंदा हिरडा गोळा करायचा. त्यानं वनखात्याची पावती आमच्या हातात दिली आणि तीन नियम सांगितले: बोलायचं नाही, पळायचं नाही, बसायचं. वाटेत अंजन, जांभूळ, हिरडा अशी गच्च झाडी. वर फांद्यांच्या टोकाला काटक्या-पानांचे मोठाले गोळे. ती शेकराची घरटी. एक शेकरू अशी बरीच घरटी बांधतं आणि पाहिजे तेव्हा पाहिजे त्यात राहतं, हे कळल्यावर तात्यांनी विचारलं, ‘सगळी त्याच्याच नावावर?’

एका उंबराखाली पोरानं आम्हाला बसवलं. फळं पिकलेली होती. ‘येतंय इथं,’ एवढंच बोलून तो स्वतःही बसला.

आणि इथून पुढं मला जे दिसलं ते सांगायला हा सगळा प्रपंच.

आमच्याआधी तिथं शहरातली एक तुकडी आलेली होती. सामान असं की त्यात छोटं लग्न उरकावं. दहा मिनिटं त्यांनी दम धरला. मग एकानं घड्याळ बघितलं, दुसऱ्यानं मोबाइलची रेंज, तिसऱ्यानं चौथ्याच्या कानात सांगितलं की पलीकडच्या झाडावर काल दिसलं होतं. तुकडी पलीकडं गेली. तिथून पाचव्याला फोन आला असावा, कारण तुकडी परत अलीकडं आली. बूट वाजत होते, चेन वाजत होत्या, ‘लायफर आहे रे माझा, पहिल्यांदाच बघणारे’ अशी कळकळ झाडाझाडांतून ऐकू येत होती. शेकरू झाडावर राहतं, जमिनीवर क्वचित उतरतं. पण वरून त्याला सगळं दिसतं. त्यानं त्या सकाळी माणसांचं भरपूर निरीक्षण केलं असणार.

स्टुडिओवाल्याचाही धीर पाऊण तासात खचला. त्याला लग्नाची सवय. तिथं नवरीला उशीर झाला तर मामाला पाठवता येतं. इथं कुणाला पाठवणार? एकदा वर एक बुलबुल दिसला तर सवयीनं, ‘जरा हनुवटी वर,’ असं तो पुटपुटला.

हालले नाहीत ते फक्त तात्या. पांढऱ्या कपड्यांत, बुंध्याला पाठ टेकवून, दोन्ही हात गुडघ्यावर. मला आधी वाटलं झोपले. पण डोळे उघडे होते. मग लक्षात आलं, या माणसानं आयुष्यभर दुसरं केलंय काय? आडसाली ऊस लावला की सोळा-अठरा महिने वाट बघायची. मग तोडीचा नंबर लावणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयची वाट बघायची. मग तोडणीच्या टोळीची. टोळी आली की ट्रॅक्टरची, ट्रॅक्टर भरला की काट्याच्या रांगेची, माप झालं की बिलाची. मध्ये कालव्याच्या पाळीची, रात्रीच्या विजेची, रोहिणीच्या पावसाची. आणि हे सगळं चालू असताना फाट्यावर उभं राहून एसटीची. वन्यजीव छायाचित्रणाच्या शिबिरांत ‘पेशन्स’ नावाचा एक तास असतो म्हणे, पैसे भरून. टेंभुर्णी फाट्यावर तो गेली कित्येक वर्षं फुकट चालू आहे. फक्त शेवटी फोटो निघत नाही म्हणून कुणी त्याला कला म्हणत नाही.

साडेआठच्या सुमाराला भूक लागली. स्टुडिओवाल्यानं हळूच डबा उघडला. शेंगाचटणी आणि कडक भाकरी. सोलापूरची कडक भाकरी ही प्रवासाची खरी सोबतीण. महिना झाला तरी तिला काही होत नाही. तिची खोड एकच. जाणकार माणूस ती चहात किंवा आमटीत बुडवतो, मऊ करतो, मग खातो. स्टुडिओवाल्याकडं तेवढा वेळ नव्हता. त्यानं तुकडा दातांत धरला आणि मोडला.

कटाक.

त्या शांततेत तो आवाज पार दरीपर्यंत गेला. पोरानं कपाळाला हात लावला. सरांनी डोळे मिटून घेतले. आणि पुढच्याच क्षणी आमच्या थेट डोक्यावर, बारा-पंधरा हात उंचीवर, कुणीतरी खडखड, खडखड असं रागानं ओरडायला लागलं.

‘बोललं,’ पोरगा म्हणाला. ‘तिथंच आहे की!’

ते तिथंच होतं. आम्ही यायच्या आधीपासून असावं. धोका वाटला की शेकरू फांदीला चपटं चिकटून राहतं, मग खालून बघणाऱ्याला ते फांदीचाच भाग वाटतं. भाकरीच्या आवाजानं मात्र त्याचा संयम सुटला. हातभर अंग, त्याहून लांब शेपूट. पाठ तांबूस तपकिरी, पोट दुधाळ, आणि शेपटीचं टोक पांढुरकं, झुपकेदार. उंबराचं फळ त्यानं पुढच्या दोन पायांत धरलेलं होतं आणि आमच्यावर ओरडताना अधूनमधून ते एक चावा घेत होतं. भांडणापायी जेवण टाकू नये एवढं शहाणपण त्याला होतं. कान आखूड, गोलसर, त्यांवर केसांचा पुंजका. मिशा थरथरत होत्या. काळ्या डोळ्यांत वरचं आभाळ दिसत होतं, असं सर म्हणतात. मला एवढं दिसलं नाही, पण मी नाही म्हणणार नाही.

स्टुडिओवाल्याच्या तोंडात भाकरी, हातात चटणी. लेन्स उचलायला तीन हात लागतात, त्यातले दोन बरबटलेले. त्यानं कसंबसं बटण दाबलं आणि कॅमेरा एकदाचा तडतडत सुटला. तेवढ्यात शेकरानं फळ टाकलं, अंग आखडलं आणि झेप घेतली. वीस फुटांपर्यंत उडी घेतं असं पुस्तकात आहे; प्रत्यक्षात मधली हवा त्यानं वापरलीच नाही असं वाटतं. या झाडावर होतं, मग त्या झाडावर होतं. फांदी हलत राहिली. टाकलेलं फळ तात्यांच्या टोपीवर येऊन पडलं.

त्या धांदलीत तात्यांनी खिशातून आपला मोबाइल काढला होता. सावकाश, बटण शोधून, एक फोटो. मग मोबाइल परत खिशात.

दुपारी गुप्त भीमाशंकरला गेलो. जंगलातून चालत गेलं की खडकातून बारीक धार पडताना दिसते. भीमा इथं प्रकट होते अशी श्रद्धा. तीच पुढं राजगुरुनगर, तुळापूर, दौंड करत उजनीत येते, नीरा-नरसिंहपूरला नीरेला घेते, पंढरपुरात चंद्रभागा होते, आणि 861 किलोमीटर चालून कर्नाटकात कृष्णेला मिळते. तात्या धारेपुढं बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, हात जोडतील. त्यांनी जोडलेही. मग पोराला विचारलं, ‘इथनं किती क्युसेक म्हणायचं?’

पोराला उत्तर देता आलं नाही. तात्यांनी ओंजळीनं पाणी अडवून बघितलं आणि आपलं आपण ठरवलं की वरून सोडण्यात काही चूक नाही, जे काही होतंय ते मधल्या मध्ये होतंय.

गावी परतल्यावर स्टुडिओत फोटो मोठ्या पडद्यावर लावले. शेकडो निघाले होते. बरीचशी पानं होती. काही फोटोंत आभाळ होतं. भाकरीचा एक तुकडा अत्यंत स्पष्ट आला होता, कडा-कडा मोजाव्यात इतका. शेवटी एका फोटोत डावीकडच्या कोपऱ्यात शेकराचे मागचे दोन पाय बाहेर निघून जाताना सापडले. स्टुडिओवाल्यानं त्याला ‘ॲक्शन शॉट’ म्हटलं आणि दुकानात लावला. आता गिऱ्हाईक विचारतं, हे कोणाचं बारसं?

तात्यांच्या मोबाइलमधल्या फोटोत धुकं होतं, मागं हिरवं काहीतरी होतं, आणि मधोमध शेपटीचा तो पांढुरका झुपका, हवेत ताठ उभा. बाकीचं शेकरू फोटोच्या बाहेर. पण झुपका असा की केस न् केस वेगळा दिसावा. सरांनी त्याला दहापैकी चार दिले. तात्यांनी तो फोटो कुणाला पाठवला नाही, डीपीला लावला नाही. नुसता ठेवून दिला.

पंधरा दिवसांनी चिटबॉय बांधावर आला. हातात वही, डोळ्यांवर गॉगल. यंदा नोंदी जास्त, टोळ्या कमी, अजून महिनाभर तरी तुमचा नंबर नाही, असं त्यानं गाडीवरून न उतरताच सांगितलं. तात्यांनी वाद घातला नाही. मोबाइल काढला, तो फोटो लावला आणि त्याच्यापुढं धरला.

चिटबॉयनं गॉगल वर केला. फोटो बोटांनी मोठा केला. चेहरा गंभीर झाला.

‘तात्या, एवढा तुरा? आत्ताच?’

तुरा आला की ऊस पोकळ पडत जातो, वजन घटतं, उतारा बसतो. असा ऊस आधी तोडावा लागतो हे त्याला आम्ही सांगायची गरज नव्हती. तात्या काहीच बोलले नाहीत. खोटं बोलायचं नाही हा त्यांचा नियम आहे, आणि बोलायचं नाही हा त्या कोळ्याच्या पोराचा. दोन्ही पाळले.

टोळी चौथ्या दिवशी आली. स्टुडिओवाला तेव्हापासून त्या फोटोची मोठी प्रत द्या म्हणून तात्यांच्या मागं लागलाय, पण तात्या म्हणतात, खोडव्याची तोड होईपर्यंत नाही.